आतून लागणारी कडी

मित्रांनो, दार उचकटलं तेव्हा मी दारावरच होते. मी एक जुनी पितळेची कडी, समता कॉलनीतल्या एका घराच्या न्हाणीच्या दाराला आतून बसवलेली. त्या सकाळी बाईंचे यजमान यशवंतराव यांनी फटीत सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घातली आणि जोर लावला. माझे दोन स्क्रू लाकडासकट निघाले. मंदाकिनीबाई दाराशीच पडल्या होत्या. अंगावर अर्धवट ओढलेलं पातळ होतं. त्यांना उचलून नेलं, तेव्हा मी दाराला एका स्क्रूवर लोंबकळत होते. दुपारी त्यांची मुलगी राधिका भिलाईहून आली आणि चपला न काढताच ओसरीत बसली. ती रडायला लागली, तेव्हा मला कळलं की बाई आता परत येणार नाहीत.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, ते मला सांगता येत नाही. भट्टी आठवते आणि कानशीचा आवाज आठवतो. पहिली नीट आठवण गोल बाजारातल्या दुकानाची आहे. लग्न होऊन महिना झालेलं एक जोडपं दुकानात आलं. यशवंतराव बायकोला म्हणाले होते, "तुले जे पाहिजे ते घे." त्यांना वाटलं, साडी मागेल. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "मले कडी पाहिजे. आतून लागणारी."

दुकानदार हसला. "भाभी, साड़ी की दुकान उधर है।"

त्या हसल्या नाहीत. त्यांचं लहानपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलं होतं. नऊ माणसं आणि न्हाणीला दार नाही. जुन्या लुगड्याचा पडदा. त्या आत गेल्या की थोरली बहीण अंजना बाहेर उभं राहून पडदा धरायची, अंजना आत गेली की त्या धरायच्या. वाऱ्यानं पडदा उडाला की दोघींचा जीव जायचा.

"दोन द्या," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "एक अंजनाताईले."

अशी मी समता कॉलनीत आले आणि माझी जोड भनपुरीला अंजनाबाईंच्या घरी गेली.

मित्रांनो, माझं काम लहान होतं. सकाळी एकदा सरकायचं आणि थोड्या वेळानं परत यायचं. पण मी सरकले की बाई मोठा श्वास सोडायच्या. तो मला रोज ऐकू यायचा. मग त्या सावकाश आंघोळ करायच्या, गुणगुणायच्या. दिवाळीला चिंच लावून मला घासायच्या. पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या ह्यांनी दिलेला पहिला दागिना."

वर्षं गेली. राधिका सासरी गेली. बाईंचे गुडघे दुखायला लागले. राधिकानं न्हाणीत बसायला स्टूल आणलं, खाली रबराची चटई घातली. बाईंनी दोन्ही गोष्टी मुकाट्यानं घेतल्या. माझ्यावर मात्र त्या अडून बसल्या.

"मंदा, कडी नको लावत जाऊ," यशवंतराव म्हणायचे. "मी बाहेरच तर बसून राहिलो. घरात आपण दोघंच आहो."

"दोघं आहो म्हणून काय झालं? म्हातारे झाले, पण डोकावाची हौस काही गेली नाही तुमची!"

यशवंतराव हसायचे. बाईही हसायच्या. आणि मी लागायचे. दर वेळी बोलणं त्या हसण्यावरच संपलं.

त्या दिवशी आधी बादली कलंडली, मग बाई. यशवंतराव पेपर टाकून धावले.

"मंदा! काय झालं?"

"पडली जी मी. काही नाही झालं. उठते."

शेजारचे नीलकंठ आवाज ऐकून आले. त्यांच्या हातात सब्बल होती. "भैया, दार काढून टाकू. दोन मिनिटांचं काम आहे."

आतून बाईंचा आवाज आला, "नका हो! नीलकंठभाऊ आहेत ना तिथं? पातळ नेसू द्या मले आधी. थांबा."

यशवंतरावांनी नीलकंठांना हात केला. "थांब जरा. नेसून राहिली ती."

आणि ते थांबले. बाईंनी खुंटीवरचं पातळ ओढलं. अर्धं अंगावर आलं, अर्धं पाण्यात पडलं. मग त्यांनी माझ्याकडे हात केला. मी छातीच्या उंचीला, आणि त्या जमिनीवर. हात मधल्या फळीपर्यंत आला आणि खाली गेला. मला आपणहून सरकता येत नाही, मित्रांनो. आलं असतं, तर त्या दिवशी सरकले असते.

"मंदा, झालं का?" यशवंतरावांनी विचारलं. थोड्या वेळानं परत विचारलं. तिसऱ्यांदा उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी नीलकंठांच्या हातातली सब्बल घेतली. डॉक्टर म्हणाले, डोक्याला आतून मार होता, वेळ फार गेला.

"बाबा, आपने इतनी देर क्यों की?" राधिकानं विचारलं.

"तिनं थांब म्हटलं," ते म्हणाले.

आता त्या दाराला नवी कडी आहे. तिच्या बाहेरच्या बाजूला खाच आहे. खाचेत नाणं घालून फिरवलं की ती बाहेरूनही उघडते. आतल्या माणसाचा पडदाही राहतो आणि बाहेरच्याला वाटही मिळते. अशी कडी आमच्या गोल बाजारातच मिळत होती. कोणी विचारलंच नव्हतं.

मी टेबलाच्या खणात बाईंच्या चष्म्याजवळ असते. आंघोळीच्या वेळेला यशवंतराव मला बाहेर काढतात, माझी दांडी सरकवतात आणि कान देऊन बसतात. तो मोठा श्वास ऐकू येत नाही. मग मला परत ठेवतात. मी काळी पडत चालले आहे.

मित्रांनो, आज तुमच्या आजी-आजोबांच्या न्हाणीचं दार बघा. कडी बाहेरून उघडते का, ते स्वतः उघडून बघा. त्यांना कडी लावू नका म्हणू नका, त्यांना वाईट वाटतं. फक्त कडी बदलून द्या. आणि ते हसून विषय टाळतील, तेव्हा तुम्ही हसून सोडून देऊ नका.

मला काळजी आहे ती माझ्या जोडीची. अंजनाबाई आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत आणि भनपुरीला एकट्या राहतात. त्यांना वाटतं, बहीण चक्कर येऊन गेली. कडीचं आणि थांबण्याचं त्यांना कोणी सांगितलेलं नाही. त्यांचा फोन येतो. आवाज थेट मंदाकिनीबाईंचा.

"यशवंतराव, मंदानं दिलेली कडी मी रोज चिंचेनं घासून राहिली. बोटाला लागली की वाटते, तिनंच बाहेर पडदा धरला आहे. तुम्ही कधी येता?"

"येतो, ताई. या रविवारी येतो."

खाचेची दुसरी कडी आणि स्क्रू फिरवायचा पेचकस घालून एक पिशवी त्यांनी दाराजवळच्या खुंटीला लावून ठेवली आहे. पाच रविवार गेले. पिशवी खुंटीलाच आहे. भनपुरीची कडी अजून बदललेली नाही.