उरलेला धोंडा

सिद्धगडाच्या पायथ्याला एक जुनी रीत आहे. गडावर जाणाऱ्यानं एक धोंडा वाटेच्या कडेला ठेवायचा आणि उतरल्यावर आपला आपण उचलून झाडीत भिरकावायचा. एक जरी उरला, तरी समजायचं, माणूस वर राहिलाय.

त्या रविवारी रविनानं डोंबिवलीच्या नऊ पाहुण्यांचे नऊ धोंडे मांडून घेतले, दहावा स्वतःचा. वाटाड्या म्हणून तिची ही पहिलीच खेप. मंडळींच्या म्होरक्याच्या, मनोज सरांच्या, मनास आलं तर हिवाळाभरचे रविवार तिचे. नाहीतर शहापूरकडच्या गोदामात खोकी चिकटवायला जायचं. त्यात सकाळीच बापाशी वाजलेलं. कमळूनं तीस वर्षं लोकांना गड दाखवला. आता गुडघा सुजलाय, पण जीभ काही सुजलेली नाही!

"तुला नाय जमायचा गो. पोरा फोटो काढीत मागं सरतात. एकाचा पाय घसरला, मंग?"

"तू गप घरी बस, बाबा!"

ते "मंग" दिवसभर तिच्या डोक्यात भुणभुणत राहिलं. माचीवर उभी राहून ती दरी दाखवत होती. "तो गोरखगड, शेजारी मच्छिंद्र. कल्याण बंदरातला माल या खोऱ्यातून नाणेघाटानं वर जायचा. त्या वाटेवर गडांची नजर." तोंड चाललेलं, डोळे मात्र पाहुण्यांच्या पायांवर. दोनदा मागं पाला वाजला. वळून बघते तर कुणी नाही.

चारच्या सुमाराला नऊच्या नऊ खाली उतरले. हुश्श! एकेकानं धोंडा उचलून फेकला, शेवटी तिनंही फेकला. आणि एक उरला.

"अहो, नऊ माणसं समोर उभी आहेत," मनोज सर वैतागले. "ठेवले असतील कुणीतरी दोन. चला."

"मीच मांडून घेतले, सर. दोन नाय. तुमी व्हा पुढं, गाडीपर्यंत वाट सरळ हाय. मला वर जावं लागंल."

"अर्ध्यात सोडणाऱ्याला मी पुन्हा बोलावत नाही हं!"

गेलं काम, तिच्या मनात आलं. पण धोंडा काही डोळ्यांपुढून हलेना. ती उलटी चढायला लागली.

वरच्या पाण्याच्या टाक्याजवळ कमळू बसला होता, दोन्ही हातांनी गुडघा धरून.

"वासरू हुडकाया आलतो," तो म्हणाला.

"आपल्याकडं वासरू हाय का, बाबा?"

कमळूनं गुडघा चोळला. "काम गेला का गो?"

"गेलं असंल." तिला रडू येत होतं आणि त्याला चार शब्द सुनावावेसेही वाटत होते. तिनं त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

पायथ्याशी पोचले तर मनोज सर एकटेच धोंड्यापाशी बसलेले. बाकीचे गाडीकडे गेले होते. सरांनी कमळूचा गुडघा पाहिला, धोंडा पाहिला.

"पुढच्या रविवारी वीस जण आहेत," ते रविनाला म्हणाले.

कमळूनं वाकून आपला धोंडा उचलला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून झाडीत भिरकावला.

"एकवीसच मांड गो," तो म्हणाला. "माजा नाय धरायचा."