थांबणारे शिपाई

साहेबांनी मासिकातले पान फाडून घेतले, चारही कोपऱ्यांना टाचण्या टोचून ते फळ्यावर लावले आणि मधल्या एका ओळीखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढली.

"या सगळे इकडे," ते म्हणाले.

सगळे म्हणजे पाच जण. शिलाई यंत्रांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत या पाच जणांनी दीड वर्ष खपून एक व्हिडिओ गेम बनवला होता. टीव्हीला यंत्र जोडून खेळायचा, बंदुकांचा. पण त्यातले शिपाई प्लॅस्टिकचे, बोटभर उंचीचे. निळ्यांची आणि पिवळ्यांची लढाई जेवणाच्या टेबलावर, न्हाणीघराच्या फरशीवर, बागेतल्या वाळूत चालायची. नाव होते ‘टेबलावरची लढाई’. बाजारात येऊन तीन आठवडे झाले होते आणि परीक्षणाची वाट बघताना साहेबांची नखे कुरतडून संपली होती.

परीक्षण काही फार गोड नव्हते. कॅमेरा भिंतीत घुसतो, नेम धरायला दोन हात पुरत नाहीत, आठव्या पातळीपासून पुढे तेच ते होते, असे बरेच काही त्यात होते आणि शेवटी दहापैकी सहा गुण होते. रेघ मारलेली ओळ मात्र साहेबांनी मोठ्याने वाचली.

"‘या गेममधली सर्वांत धमाल गोष्ट म्हणजे जखमी शिपायाची चाल. त्याच्या पायावर गोळी घाला आणि बघा, हसून पोट दुखेल. आम्ही तर जिंकायचं सोडून नुसते पायच फोडत बसलो होतो.’"

खोलीत हशा पिकला. साहेबांना राहवले नाही. पन्नाशीचा तो जाडजूड माणूस डावा हात मांडीवर दाबून, खांदा पाडत, पाय बाजूने ओढत खिडकीपासून दारापर्यंत चालून आला.

"कोणी काढलं हे? आमच्या बारकीनं. आठ चित्रांत गेम तारला पोरीनं."

बारकी हे तिचे घरातले नाव. मास्तर एकदा तिच्या घरी चहाला आले होते, त्यांनी ते ऐकले आणि तेव्हापासून ऑफिसातही तेच पडले. मास्तर म्हणजे शिपायांना चालवणारा, पळवणारा, गोळ्या मोजणारा सगळा प्रोग्राम लिहिणारे. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे म्हणून मास्तर. सगळे हसत असताना एकटे मास्तर हसले नाहीत. त्यांनी आधी साहेबांच्या पायाकडे पाहिले आणि मग बारकीकडे. बारकी टोक असलेल्या पेन्सिलीला पुन्हा टोक करत बसली होती.

तिच्या दादाला त्यांनी त्या चहाच्या दिवशी दारातून आत येताना पाहिले होते.

दादा तीन वर्षांपूर्वी सैन्यातून परत आला तो डावा पाय ओढतच. आता तो टेलिफोन दुरुस्तीच्या कारखान्यात बसून करायचे काम करी. पायाला काय झाले, कसे झाले, हे त्याने घरात कधी सांगितले नाही आणि आईने विचारू दिले नाही. "माणूस आला ना घरी, बास," असे म्हणून तिने तो विषय कायमचा मिटवला होता.

जखमी शिपायाची चाल बारकीने एका दुपारीत काढली होती. साधे पळणे काढायला तिला आठवडा लागला होता. आरशासमोर उभी राहून ती स्वतःचे गुडघे बघत असे. या वेळी काहीच बघावे लागले नाही. हात आपोआप चालला. चौथ्या चित्रापाशी तिला कळले की ही चाल कोणाची आहे. तरी उरलेली चार तिने काढली, कारण ती फार चांगली येत होती.

त्या दिवशी संध्याकाळी मासिकाचा आपला अंक तिने पिशवीत तळाशी, डब्याखाली घातला. घरी पोचली तर दादा खुर्चीत बसला होता आणि त्याच्या मांडीवर तोच अंक होता.

"बारके, स्टेशनाजवळच्या टपरीवर दिसला," तो म्हणाला. "म्हटलं, आपल्या पोरीचं नाव छापून आलंय का बघावं. नाव नाही, पण गेम आहे."

"वाचलंस?"

"वाचलं. सहा गुण म्हणजे पास ना?" त्याने अंक मिटला. "तू गेम घरी का नाही आणत? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? बघू तर दे."

त्याने नेमके काय वाचले ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. तीन आठवडे तिने निरनिराळ्या सबबी सांगितल्या होत्या. आता एकही उरली नव्हती.

रविवारी सकाळी तिने यंत्र आणून टीव्हीला जोडले. दादाने कंट्रोलर हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला, टेलिफोन पाहावा तसा. जाड बोटांना त्याची बटणे सापडेनात. दोनदा त्याचा निळा शिपाई टेबलाच्या कडेवरून खाली पडला आणि दादा मनापासून हसला. बारकीलाही हसू आले. मग एक पिवळा शिपाई साखरेच्या डब्याआडून बाहेर आला. दादाने गोळी झाडली. ती पायाला लागली.

शिपायाने डावा हात मांडीवर दाबला. खांदा खाली गेला. पाय बाजूने ओढत तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे निघाला.

आई धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन दारात उभी होती. तिने पडद्याकडे पाहिले, दादाच्या पाठीकडे पाहिले आणि ओले कपडे तसेच घेऊन आत निघून गेली.

दादाने पुढच्या शिपायाच्याही पायावर नेम धरला. मग त्याच्या पुढच्याच्या. तिसरा टेबलाच्या टोकाला पोचेपर्यंत तो बघत राहिला.

"दादा, मी मुद्दाम नाही केलं," बारकी म्हणाली आणि बोलतानाच तिला वाटले, हे काही खरे नाही.

"चांगलं काढलंयस," तो म्हणाला. "खांदा आधी जातो होय खाली? मला माहीतच नव्हतं."

दादाने कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"एक विचारू? हे बाकीचे का नाही थांबत?"

"कोण बाकीचे?"

"त्याच्या बाजूचे. पिवळेच आहेत की. हा पाय ओढतोय आणि ते त्याच्या बाजूने सरळ पळत जातात. एकजण तरी वळून बघेल."

"यंत्रात तेवढी जागा नसते, दादा. प्रत्येकाला फक्त शत्रू दिसतो. आपला माणूस दिसायचा तर वेगळं लिहावं लागतं."

"असं होय." पडद्यावर खेळ चालूच होता. कोणी हलवत नाही म्हणून त्याच्या निळ्या शिपायाला पिवळे चारी बाजूंनी गोळ्या घालत होते. "आमच्यातही नव्हतं लिहिलेलं," तो म्हणाला. "मीही नव्हतो थांबलो."

बारकीने टीव्हीचा आवाज बंद केला.

"एक जण होता. माझ्या शेजारच्या खाटेवरचा. मोजे कधी धुवायचा नाही, त्यावरून रोज भांडण. तो पडला. पायालाच लागलं होतं. हात वर केला त्यानं. मी बघितलं आणि त्याला ओलांडून पुढे गेलो." दादाने आपल्या गुडघ्यावर हात ठेवला. "हे नंतरचं. चाळीसेक पावलं पुढे गेल्यावरचं. मला दुसऱ्यांनी उचलून आणलं. त्याच्यापर्यंत कोणी पोचलं नाही."

"दादा..."

"लोक बसमध्ये उठून जागा देतात मला. काय सांगणार त्यांना?"

एवढे बोलून तो उठला, आत गेला आणि आईच्या हातातले कपडे घेऊन दोरीवर वाळत घालू लागला.

महिन्याभराने गेमची दुसरी आवृत्ती करायचे ठरले. नवे यंत्र बाजारात येणार होते, त्यात जागा जास्त होती. साहेबांनी कामांची यादी दिली: कॅमेरा सुधारा, नेम सोपा करा, आणि जखमींची चाल अजून लांब, अजून गमतीची करा, लोकांना तेच हवे आहे. बारकीने यादी घेतली. दुपारी साहेब बाहेर गेल्यावर ती मास्तरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"मास्तर, एखादा पडला तर त्याच्या जवळचा थांबेल असं करता येईल?"

"थांबून काय करेल?"

"बसेल त्याच्यापाशी. खांद्यावर हात ठेवेल. मी चित्रं काढते, चारच लागतील."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "येईल करता. दोन सेकंद थांबेल. पण बारके, थांबला की तोही मरेल. खेळणाऱ्याला आयता सापडेल तो. बावळट दिसतील आपले शिपाई."

"दिसू देत."

"साहेबांना सांगितलंस?"

तिने नकारार्थी मान हलवली. मास्तरांनी पुन्हा चष्मा लावला आणि तिच्याकडे नीट पाहिले. त्यांनी कारण विचारले नाही. "चित्रं लवकर दे मग," एवढेच म्हणाले.

चित्रे या वेळी आपोआप आली नाहीत. पडलेल्यापाशी गुडघे टेकून बसणारा माणूस तिने कधी पाहिला नव्हता. पहिल्यांदा तो काहीतरी हरवलेले शोधत असल्यासारखा दिसला, मग झोपलेल्याला उठवत असल्यासारखा. अकरा दिवसांनी चार चित्रे जमली. चाल लांब करायची तेवढी तिने केली नाही. साहेब स्वतः कधी खेळत नसत, खोका आणि जाहिराती बघत. त्यामुळे कोणाच्या काही ध्यानात आले नाही.

दुसऱ्या आवृत्तीचे परीक्षण आले ते साहेबांनी फळ्यावर लावले नाही. पान हातात घेऊन ते खोलीच्या मधोमध उभे राहिले.

"पाच," ते म्हणाले. "कॅमेरा सुधारला, नेम सुधारला, आणि सहाचे झाले पाच. ऐका. ‘नव्या आवृत्तीत शत्रूची अक्कल मात्र गहाण पडली आहे. एक पडला की शेजारचा विनाकारण त्याच्यापाशी थांबतो आणि फुकट मरतो. प्रोग्राममधली ही ढोबळ चूक कोणाच्याच लक्षात कशी आली नाही?’" त्यांनी पान खाली केले. "मास्तर, ही चूक आहे का?"

मास्तरांनी तोंड उघडले.

"मी सांगितलं होतं त्यांना करायला," बारकी मध्येच म्हणाली. "चित्रंही माझीच आहेत."

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही."

"का पण? काहीतरी कारण असेल ना?"

कारण होते, पण ते तिचे नव्हते. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी ती उभी राहिली. साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली. ते वाईट माणूस नव्हते. तिने काही थाप मारली असती तरी बहुधा सोडून दिले असते.

"पुढच्या गेममध्ये माणसं काढू नकोस तू," शेवटी ते म्हणाले. "भिंती काढ. गवत, ढग, काय ते. माणसं दुसरा कोणी काढेल."

त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत तिच्या शेजारी कोणी बसले नाही. मास्तर तेवढे आपला डबा घेऊन आले आणि तिच्यासमोर बसून जेवले.

घरी आली तेव्हा ऊन अजून खिडकीत होते. दादा लवकर आला होता. या वेळीही त्याने अंक विकत घेतला होता आणि तो टेबलावर परीक्षणाच्या पानावर उघडा पडला होता. बारकीने चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली आणि त्याच्यासमोर बसली.

"पाचच दिले," दादा म्हणाला.

"हो."

"साहेब रागावले?"

"भिंती काढायला लावल्यात."

त्याने मान डोलावली. पानावरच्या त्या ओळींवरून त्याने अंगठा फिरवला. "विनाकारण थांबतो, म्हणतोय हा." त्यात राग नव्हता. "तसं बरोबर आहे त्याचं. जो थांबला असता तो मेलाच असता." मग तो म्हणाला, "किती वेळ थांबतो गं तो?"

"दोन सेकंद."

दादाने खिडकीबाहेर पाहिले. आतल्या खोलीत आईच्या हालचालीचा आवाज थांबला होता. ती ऐकत असावी.

"त्याची आई आहे अजून," तो म्हणाला. "दोनदा पत्र आलं होतं तिचं. मुलाबरोबर कोण होतं, तुम्ही होता का, असं विचारलं होतं. मी उत्तर नाही पाठवलं." "येत्या रविवारी तुला काही काम आहे?"

"नाही."

"तीन तास लागतात बसला. मधे एकदा बदलावी लागते."

"मी येते, दादा."

त्याने तिच्या पिशवीतली पेन्सिल मागून घेतली. मासिकाच्या कडेला, परीक्षणाच्या बाजूच्या कोऱ्या जागेत, तो पत्ता लिहू लागला. समोर पत्र नव्हते, वहीही नव्हती. घर क्रमांक, गल्ली, दुकानाची खूण, सगळे त्याने एकदाही न अडता लिहिले.