बेरिलचं फाटक

बेरिल ऑक्टोबरात गेली, आणि घरामागचा बोळ मात्र होता तिथेच राहिला. तिच्या नवऱ्याला, क्लिफ हॅस्लमला, याचंच नवल वाटायचं. सकाळी चहाचा मग घेऊन तो मागच्या अंगणाचं दार उघडायचा. समोर तीच ओली फरसबंदी, त्याच गिरणीच्या धुराने काळ्या झालेल्या भिंती, आणि भिंतींत ठोकलेले लोखंडी हूक. पूर्वी सोमवारी या हुकांना आडवे दोर बांधून घरांची अख्खी ओळ धुणं वाळत घालायची. बाकीच्यांनी केव्हाच कपडे वाळवायची यंत्रं घेतली. बेरिल शेवटपर्यंत चादरी बोळातच घालत राहिली, आणि शाळेला निघालेली पोरं त्या चादरींखालून वाकून पळत राहिली.

शाळा बोळाच्या खालच्या टोकाला, रस्त्यापलीकडे होती. सगळे तिला खालची शाळाच म्हणत. तिच्या दारात बेरिलने उमेदीची कितीतरी वर्षं काढली. अंगात पिवळा कोट, हातात गोल पाटीची उंच काठी. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहायची, गाड्या थांबायच्या आणि पोरं ओलांडून जायची. पुढे नगरपरिषदेने ती नोकरीच बंद केली. पाटी परत द्यावी लागली, कोट कुणी मागितला नाही. तो अजून दारामागच्या खुंटीला होता.

फाटक ही बेरिलचीच कल्पना. लोक गाडीतून यायचे आणि बोळात जुन्या गाद्या, फुटके फ्रीज टाकून जायचे. तिने बोळात एक जुनं बेसिन आणि कुणाचा तरी टाकून दिलेला बाथटब आणून ठेवला होता. बेसिनमध्ये पुदिना, टबात रुबार्ब. वसंतात त्याचे लाल आंबट दांडे वर आले की ती साखर घालून शिजवायची आणि ओळीत वाटायची.

"दोन्ही टोकांना एकेक फाटक लागलं ना क्लिफ, की आत नुसती बाग. बाकं टाकू. संध्याकाळी बसू," ती म्हणायची.

"आपण बसतो तिथे काय वाईट आहे?" तो म्हणायचा. त्याला बागेचं काही नव्हतं.

ती गेल्यावर तो बरेच दिवस पलंगावरून उठलाच नाही. मग एका सकाळी कुणीतरी तिच्या रुबार्बवर भिजलेली गादी टाकून गेलं. क्लिफ सपातांवरच निघाला तो थेट नगरपरिषदेच्या कचेरीत. जन्मात कुठल्या सभेत तोंड न उघडलेला माणूस, पण तेव्हापासून तो दारोदार फिरला. ओळीतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या, परिषदेचे लोक मापाची टेप घेऊन आले त्यांना चहा पाजला. फाटकाचा नमुनासुद्धा त्यानेच निवडला, वर वेलबुट्टी असलेला. फेब्रुवारीत, पहिल्या गुरुवारी, समिती निर्णय देणार होती. मंजूर होणार हे सगळे धरूनच चालले होते.

त्याच आठवड्यात सोमवारी नसरीन मिर्झा मागच्या दाराने आली. ती दोन दारं सोडून राहायची, आणि सामोशांची बशी हातात असली की काहीतरी नको ते सांगायचं असायचं.

"अहो क्लिफ, आधी खा, मग ऐका."

"आधी सांग. खाताना तुझं ऐकलं की घशात अडकतं."

"एफीचं नाव खालच्या शाळेला घातलंय ना?"

"मग काय वरच्या गिरणीत घालू?"

एफी त्याची नात. लेक केरी नवऱ्याला सोडून गेल्या वर्षी एफीला घेऊन माघारी आली होती. पोरगी सप्टेंबरात शाळेत जायची होती, आणि आजी शाळेत होती म्हणजे शाळा आपलीच असं तिला वाटायचं.

"माझ्या सुनेनं परिषदेत फोन केला होता, आमच्या धाकट्या नातवासाठी," नसरीन म्हणाली. "शाळेत जागा कमी, पोरं जास्त. ज्याचं घर जवळ त्याला आधी. आणि जवळ म्हणजे चालत किती ते धरतात. सगळ्यांना खुल्या असलेल्या रस्त्याने."

"आपल्यापेक्षा जवळ कोण आहे? बोळातून उतरलं की शाळा."

"बोळ खुला आहे तोवर. फाटक लागलं की तो रस्ताच राहत नाही. मग वरून जायचं, मोठ्या रस्त्याने, गालिच्यांच्या गोदामाला वळसा घालून. तिकडच्या नव्या इमारतीतली पोरं आपल्यापुढे लागतात. एफी बाहेर, आमचा बाहेर. रिंगरोडपलीकडच्या शाळेत."

"सगळ्यांना चाव्या देऊ की."

"चावीचा रस्ता खुला नसतो, क्लिफ. मीही सुनेला हेच विचारलं."

क्लिफने बशी खाली ठेवली. "तू तर पहिली सही केलीस."

"केली. तुम्ही दारात उभे होतात, दाढी करून. किती दिवसांनी दाढी केलेली! मी कशावरही सही केली असती."

त्याने स्वतः फोन लावला. रस्ते खात्यातली बाई फार गोड बोलली. योजना सुंदर आहे, म्हणाली, आम्ही इतर ओळींनाही तुमचंच उदाहरण देतो. शाळेचं विचारल्यावर म्हणाली, ते आमच्याकडे नाही. शाळाप्रवेश खात्यातल्या मुलाने फाटकाचं नावच ऐकलं नव्हतं.

"नकाशावर जो रस्ता असतो तो आम्ही मोजतो, साहेब. मार्चमध्ये मोजणी."

"आणि नकाशावरून रस्ता काढतं कोण?"

"ते रस्ते खातं."

"ते कुठे बसतात?"

"आमच्या वरच्या मजल्यावर."

"मग जिना चढ की बाबा," क्लिफ म्हणाला. पोरगा हसला. त्याला तो विनोद वाटला.

संध्याकाळी केरी कामावरून आली. तिने बूट काढले, सगळं ऐकून घेतलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जराही आश्चर्य दिसलं नाही. क्लिफच्या ते लक्षात आलं.

"तुला माहीत होतं?"

"नाताळपासून."

"आणि बोलली नाहीस!"

"काय बोलू, बाबा? आईचं फाटक आहे ते. तुम्ही महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडला होतात. फाटकासाठी उठलात. ते काढून घेतलं आणि परत पडलात तर?" तिने किटली चुलीवर ठेवली. "दुसरी शाळाही काही वाईट नाही. दोन बस बदलाव्या लागतील, एवढंच. मी कामाची वेळ बघते बदलून मिळते का."

"तिथे कुणाला ओळखते ती?"

"कुणालाच नाही. शिकेल."

एफी टेबलाखाली बसून बिस्किटाचा चुरा गोळा करत होती. ती खालूनच म्हणाली, "मी आजीच्या शाळेत जाणार आहे. कोट अडकवायची माझी खुंटी पण ठरलीये."



दुसऱ्या दिवशी दुपारी उजळ ऊन पडलं होतं, फेब्रुवारीत कधीतरीच पडतं तसं. क्लिफ बोळातल्या उलट्या बादलीवर बसला, पाठ भिंतीला टेकली. दगड थोडेसे कोमट होते. त्याचे डोळे मिटले की उघडेच होते, त्याला नंतर सांगता आलं नसतं.

फाटक लागलेलं होतं. वेलबुट्टी तीच, त्याने निवडलेली. आत बाग होती आणि ती त्याला वाटलं होतं त्याहून मोठी होती. बोळ कितीतरी रुंद झाला होता. दोन्ही भिंतींवरून फुलं खाली आली होती, फरसबंदीवर मऊ गवत होतं, आणि वर दोरांवर चादरी सावकाश हलत होत्या. वारा नव्हता तरी हलत होत्या. तो एकेक चादर बाजूला करत चालला. प्रत्येकीला बेरिलच्या साबणाचा वास होता. त्याला वाटलं, पुढच्या चादरीमागे ती असेल. नसायची. मग पुढची.

बऱ्याच चादरींनंतर खालचं टोक आलं. फाटकाच्या बाहेर बेरिल उभी होती. पिवळा कोट, हातात पाटी, तोंड रस्त्याकडे. तरुणही नव्हती आणि आजारीही नव्हती. पलीकडून कुठून तरी, फार लांबून, पोरांचा गलका येत होता. गोदामाच्या बाजूने असावा. तो जवळ येत नव्हता.

"बेरिल," तो गजांतून म्हणाला, "बाग बघ."

तिने मान वळवली. बागेकडे पाहून ती हसली, मनापासून. मग परत रस्त्याकडे बघायला लागली.

"छान झालीये रे," ती म्हणाली. "पण आज कुणीच कसं आलं नाही?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती नुसती वाट बघत होती. त्याने फाटक उघडायला खिशात चावी शोधली. खिशात बिस्किटाचा चुरा होता.

मग नसरीनच्या अंगणातलं दार वाजलं. तो बादलीवर होता, आणि ऊन भिंतीवरून वर सरकलं होतं.

गुरुवारी त्याने लग्नातला कोट घातला. टाउन हॉलच्या त्या खोलीत लाकडाच्या पॉलिशचा वास होता. अध्यक्ष होते नगरसेवक पिकल्स, बेरिलने ज्यांना लहानपणी रस्ता ओलांडून दिला त्यांच्यापैकीच एक. त्यांनी क्लिफला बघून मान हलवली. मागच्या बाकावर ओळीतले शेजारी बसले होते, पुढे सायक्स, कोपऱ्यावरच्या घरातला. गाद्या बहुतेक त्याच्याच भिंतीला टाकल्या जायच्या.

"मिस्टर हॅस्लम दोन शब्द बोलणार आहेत, अर्जाच्या बाजूने," पिकल्स म्हणाले.

क्लिफ उभा राहिला. "बाजूने नाही. तुम्ही नाही म्हणा."

"माफ करा?"

"फाटकाला नाही म्हणा."

पिकल्सनी कागद चाळले. "हा अर्ज तुमचाच ना?"

"माझाच."

"मग विरोध कुणाचा आहे?"

"तोही माझाच."

मागे कुणीतरी हसलं. सायक्स हसला नाही. "डोकं फिरलंय याचं," तो मोठ्यांदा म्हणाला. "महिनाभर माझं दार वाजवून सही घेतलीस ना रे? आता गादी पडली तर तुझ्या दिवाणखान्यात आणून टाकीन!"

"आण," क्लिफ म्हणाला. "चहा पिऊन जा." मग तो पिकल्सकडे वळला. त्याने काही लिहून आणलं नव्हतं. "त्या बोळातून पोरं शाळेत जातात. फाटक लागलं की बोळ तुमच्या नकाशावरून जातो, आणि आमच्या ओळीतल्या पोरांची शाळाही जाते. माझ्या नातीची पण. हे मला ठाऊक नव्हतं. तुमच्या वरच्या मजल्याला फाटक ठाऊक होतं, खालच्याला शाळा, आणि एकाचं दुसऱ्याला ठाऊक नव्हतं. फाटक माझ्या बायकोला हवं होतं. तिला बाग हवी होती. पण तिने आयुष्य पोरांना पलीकडे पोचवण्यात घालवलं. तिला हे कुणी सांगितलं असतं तर तिने... तुम्ही ओळखत होतात तिला."

पिकल्सनी हातातले कागद खाली ठेवले. "मला एकदा कानाला धरून मागे ओढलं होतं त्यांनी," ते म्हणाले. "लॉरी येत होती."

फाटक नामंजूर झालं. बोळात एक दिवा मंजूर झाला. आणि रस्ते खात्यातल्या त्या गोड बोलणाऱ्या बाईने, आता जरा कमी गोड आवाजात, एक अट घातली. बोळ रस्ता म्हणूनच राहणार असेल तर त्यातून बाबागाडी जायला हवी. बाथटब हलवावा लागेल.

टब हलवायचा म्हणजे रुबार्ब काढायचा. थंडीत तो मातीखाली झोपलेला असतो, तेव्हाच काढावा लागतो. शनिवारी क्लिफने फावड्याने त्याचा गड्डा उपटला. केवढा झाला होता, मेंढीएवढा. बेरिलने तो कधी फोडला नव्हता. क्लिफने फावड्याचं पातं मधोमध धरलं आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

"दाबा, आजोबा," नसरीन भिंतीवरून म्हणाली. एफीचं ऐकून तीही कधी कधी तसंच म्हणायची. "त्याला दुखत नाही. उलट जोमाने येतो."

त्याने पाय ठेवून दाब दिला. एकाचे कितीतरी तुकडे झाले. ओळीतल्या प्रत्येक अंगणात, दाराशी, त्याने एकेक लावला. सायक्सनेही दार उघडलं, घेतला आणि न बोलता बंद केलं. एप्रिलमध्ये, ज्या आठवड्यात एफीला खालच्या शाळेत जागा मिळाल्याचं कळलं, त्याच आठवड्यात सगळ्या दारांशी मुठीएवढे लाल कोंब वर आले.

सप्टेंबरात शाळेच्या पहिल्या सकाळी बोळात धुकं होतं. आणि बोळाच्या मध्यावर एक गादी होती, डबलबेडची, नवी टाकलेली.

"आली बघ तुझी पाहुणी!" सायक्स वरच्या खिडकीतून ओरडला. दाढीचा साबण तसाच होता गालावर. "मी म्हटलं नव्हतं?"

"बोलत बसू नकोस, खाली ये. एक बाजू धर."

सायक्स आला, शिव्या देत. दोघांनी गादी भिंतीला उभी केली. तेवढ्यात वरून पोरं आलीच. ओळीतली, वरच्या रस्त्यावरची, नसरीनचा नातू मोठ्ठं दप्तर घेऊन. उभ्या गादीला हात मारत, धुक्यातून एकेक येऊन पुढे जात होती. क्लिफ एफीचा हात धरून त्यांच्या मागून उतरला. केरी पुढे गेली होती, फोटो काढायला.

"आजी इथे उभी राहायची?" पुढे गेलेली पोरं टोकाशी, रस्त्याच्या कडेला थांबली होती, तिथे आल्यावर एफीने विचारलं.

"याच्या जरा पुढे. मधोमध."

"मग आता कोण उभं राहतं?"

"कुणी नाही. दोन्हीकडे बघायचं आणि जायचं."

तिने दोन्हीकडे बघितलं. धुक्यात काही दिसत नव्हतं. डावीकडून गाडीचा आवाज येत होता, वेगात. क्लिफ फुटपाथवरून उतरला, रस्त्याच्या मधोमध जाऊन थांबला, आणि त्याने हात वर केला. हातात पाटी नव्हती, अंगावर जुना राखाडी स्वेटर होता.

गाडी थांबली.

"चल," तो मान न वळवता म्हणाला, आणि त्याच्या मागून पोरं ओलांडायला लागली.