तीन हातांचा ज्येष्ठमध

मी एक जुना पितळी खलबत्ता आहे. किती जुना ते विचारू नका, मित्रांनो; वय विचारलेलं आम्हा भांड्यांनाही आवडत नाही. एका ओताऱ्याने वितळलेलं पितळ साच्यात ओतून मला घडवलं. माझ्यात खल आणि बत्ता असे दोघे आहेत. एकाने मारायचं आणि दुसऱ्याने सोसायचं, तरी आमचं आजवर भांडण झालेलं नाही.

या घरात आलो तेव्हा माझा मोठा थाट होता. मिरी, वेलची, सुंठ, सगळं माझ्याकडे यायचं. शेजारणी मला मागून न्यायच्या आणि परत करताना माझ्या वजनाचं कौतुक करायच्या. मग मिक्सर आला. तो एवढा आरडाओरडा करतो, तरी सगळ्यांचा लाडका! माझी रवानगी ओट्याखाली झाली आणि माझ्या पोटात जुन्या किल्ल्या नि रबरबँड येऊन पडले. फार वाईट वाटलं मला.

मला पुन्हा वर आणलं ते ज्येष्ठमधाने. ही एक गोड मुळी. वरून तपकिरी, आतून पिवळी आणि भारी चिवट. मिक्सरने ती दळायला घेतली आणि पात्यांभोवती तंतू गुंडाळून घेऊन तो गपगार झाला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

या घरचे कर्ते पुरुष भाजीबाजारात लिलाव पुकारतात. आवाज असा, की सगळा बाजार त्यांना तोफदादा म्हणतो. ओरडून ओरडून त्यांचा घसा बसायचा. घशाची खवखव, खोकला, पोटातली जळजळ यांवर वैद्य फार जुन्या काळापासून ज्येष्ठमध देत आले आहेत. तोफदादांच्या बायकोने मुळी माझ्यात ठेचली, चहात उकळून त्यांना दिली आणि घसा मोकळा झाला. मग ती रोजच देऊ लागली. कुणाला सांगितलं मात्र नाही. साध्या मुळीची काय दवंडी पिटायची?

ती अंघोळीला गेली की त्यांची थोरली बहीण, अक्का, स्वयंपाकघरात यायची. तीही एक कांडी कुटायची, चूर्ण गाळून मधात कालवायची आणि भावाला चाटवायची. दुपारी सून यायची. ती सासऱ्यांच्या दुधात घालायला पूड करायची. काम झालं की प्रत्येकजणी मला लख्ख धुऊन पालथा घालायची. त्यामुळे तिघींचं ज्येष्ठमध देणं घरात दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि तोफदादांना. ते तिघींचंही मुकाट्याने घ्यायचे.

तोफदादांना रक्तदाबाच्या गोळ्या आधीपासून चालू होत्या. काही महिन्यांत त्यांचं डोकं जड राहू लागलं, पाय असे सुजले की चपलेचा पट्टा लागेना. एके दिवशी त्यांची बायको दवाखान्यातून येऊन ओट्याशी टेकली.

"गोळ्या वाढवल्या तरी दाब उतरत नाही, अक्का. डॉक्टरबाई म्हणाल्या, असंच चाललं तर हृदयाला धोका आहे."

"दुसरं काही औषध घेतो का, ते विचारलं असेल ना त्यांनी?"

"विचारलं. मी सांगितलं, गोळ्यांशिवाय काही घेत नाहीत."

अक्काने मान हलवली. तिलाही मुळी आठवली नाही, कारण मुळीला कुणी औषध म्हणतच नव्हतं. मला कुटता येतं, बोलता येत नाही.

पुढच्याच आठवड्यात तोफदादा लिलाव अर्धवट सोडून घरी आले. हातापायांत त्राण नव्हतं, छाती धडधडत होती, आवाज तर अगदी खोल गेला होता. तिघीही धावत स्वयंपाकघरात आल्या.

"अक्का, थांबा जरा, मला आधी एवढं कुटू द्या," बायको म्हणाली.

"मलाही कुटायचंय. तुझं काय आहे?"

"ज्येष्ठमध. ह्यांच्या चहात घालते रोज."

अक्काने मूठ उघडली. तिच्या हातातही तीच पिवळी कांडी होती. दोघींनी वळून सुनेकडे पाहिलं.

"मी पण देते," सून हळूच म्हणाली. "रोज दुधातून."

डॉक्टरबाईंनी विचारलेला प्रश्न आता अक्काला आठवला. मग सुनेने डॉक्टरबाईंना फोन लावला आणि चहा, मध, दूध सगळं सांगून टाकलं. "आत्ताच्या आत्ता घेऊन या," त्या म्हणाल्या.

तोफदादांना रुग्णालयात ठेवावं लागलं. ते घरी येईपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता, माझाही. ज्येष्ठमध फार घेतला, फार दिवस घेतला, की अंगात पाणी साचतं, रक्तदाब चढतो, रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तो विचारल्याशिवाय घेऊच नये, असं डॉक्टरबाईंनी तिघींना बजावलं.

तोफदादा परतले त्या दिवशी अक्का स्वयंपाकघरात बसून रडली. "माझ्या हाताने दिलं रे तुला मी."

"तुम्हाला एकमेकींचं ठाऊक नव्हतं, मला तर तिघींचं ठाऊक होतं," ते म्हणाले. "पण 'नको' कुणाला म्हणणार? तुला, हिला, की पोरीला?"

सून पाण्याचा पेला घेऊन उभी होती. "मला म्हणायचं, बाबा," ती म्हणाली. "चार दिवस रुसले असते, एवढंच."

तोफदादांनी तिच्या हातातला पेला घेतला.

मित्रांनो, झाडपाला गुणी असतो, म्हणूनच तो जपून घ्यायचा असतो. डॉक्टरांनी "आणखी काय घेता?" असं विचारलं, तर मुळी, काढा, चूर्ण, सगळं सांगा. वैद्यांकडे गेलात तर चालू असलेल्या गोळ्या सांगा. घरात कुणाला मायेने काही द्यायचं असेल, तर आधी बाकीच्यांना विचारा. मला सगळं दिसत होतं, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.