वरून काढलेला फोटो

शोभाबाईंनी नर्स म्हणून बावीस वर्षं सायकलला लसींचा डबा बांधून हिंगणीची वाट तुडवली होती. भाचा योगेंद्रनं मात्र दोघांच्या तिथल्याच सायकल सहलीचा रस्ता नेट कॅफेत इंटरनेटवरचा उपग्रहाच्या फोटोंचा नकाशा पाहून आखला. छापून आणलेल्या कागदावर शेतांमधून एक पांढरी सरळ रेघ जात होती.

“हा उन्हाळ्यातला कोरडा कालवा आहे, बापू,” त्या म्हणाल्या होत्या.

“आत्या, फोटो वरून काढला आहे. तुले काय समजते त्यातलं?”

आता डिसेंबरात तोच कालवा काठोकाठ वाहत होता. तीन किलोमीटर ढेकळांतून सायकली ढकलून झाल्यावरही योगेंद्रनं शेजारी उभ्या आत्याकडे न बघता पुन्हा कागदच उघडला.

शोभाबाईंनी तो हिसकावून पाण्यात भिरकावला.

“आता मले विचार.”