लाभ, दोन, तीन

गल्ल्यात तूट येते आहे हे कळलं, त्या सोमवारी साळूला जाऊन बेचाळीस दिवस झाले होते. साळू म्हणजे साळुबाई, माझी बायको. पिंपळवंडीत स्टँडजवळ आमचं किराणा दुकान आहे. सत्तावीस वर्षं गल्ल्यावर ती बसली आणि मी माल काढून दिला. ती गेल्यावर सव्वा महिना दुकान उघडलंच नाही. मग उघडायचं ठरलं, पण तिच्या जागेवर मला बसवेना. मुलगा गोरख चाकणला कंपनीत आहे, पंधरा दिवसांनी घरी येतो. तेव्हा सून अश्विनी म्हणाली, "नाना, मी बसते गल्ल्यावर. आत्यांनी मला मोजायला शिकवलंय."

आत्या म्हणजे तिची सासू. दुखणं वाढल्यावर खाटेवर पडल्या पडल्या साळूनं तिला बरंच काही शिकवलं होतं.

संध्याकाळी साडेसातला दुकान वाढवलं. दुकान बंद केलं असं साळू कधी म्हणू द्यायची नाही. बिलाच्या मशीननं दिवसाची रोख विक्री सांगितली. त्यातून दूधवाल्याला आणि टेम्पोवाल्याला दिलेले वजा केले. उरलेली रक्कम गल्ल्यात निघायला हवी होती. अश्विनीनं नोटा मोजल्या, पाचशेपासून दहापर्यंत प्रत्येक नोटेची वेगळी गड्डी रबरात घातली, वर आकड्याची चिठ्ठी लावली. मी बेरीज केली. आठशे ऐंशी रुपये कमी.

"पहिलाच दिवस आहे," मी म्हणालो. "कुणाला तरी जास्त गेले असतील."

तिनं गड्ड्या कपाटात ठेवल्या. पुन्हा मोजायला मी सांगितलं नाही. आमच्याकडे गल्ला एकदाच मोजतात. दुसऱ्यांदा मोजला तर पहिल्यानं मोजणाऱ्यावर शंका घेतल्यासारखं होतं, असं साळूचं म्हणणं. आणि तिला दुसऱ्यांदा मोजायची वेळ कधी आलीही नाही.

तिचं मोजणं मोठ्यानं असायचं. तिचं माहेर निरगुडसरचं. तिचे वडील खळ्यावर बाजरी मापून द्यायचे. पहिलं माप टाकताना ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. साळूनं तेच नोटांना लावलं. लग्नानंतर दुकान टाकलं तेव्हा मी हसलो होतो.

"अगं, नोटा हायेत. बाजरी न्हाई."

"असू द्या. एक म्हनलं की एकटं वाटतं," ती म्हणाली होती. "तुमी लिहा गुमान."

मी लिहायचो. ती मोजता मोजता मध्येच थांबायची, एखादी नोट दिव्याकडे धरायची. "ही चिमाजीची. मळ्यातनं थेट आलाय, बघा कशी वली केली." किंवा, "ही नवी कोरी. पप्पूचा पगार झालेला दिसतोय, आता बिस्किटं उधार मागायचा न्हाई." कुठली नोट कुणाच्या हातातून आली हे तिला ठाऊक असायचं. मला वाटायचं ती उगाच सांगते आहे, म्हणून एकदा चिमाजीला विचारलं. तिचं बरोबर होतं. दिवसभर गिऱ्हाईक असायचं, रात्री पोरांची जेवणं. आमचं दोघांचं बोलणं व्हायचं ते या अर्ध्या तासात. कुणाच्या घरी काय झालं, कुणाची पोर कुठं दिली, गोरखला कंपनीत घालावा की नाही, सगळं नोटा मोजताना ठरलं. शेवटी ती हात झटकायची आणि म्हणायची, "जुळलं का?" मी म्हणायचो, "जुळलं." मग ती चहा ठेवायला उठायची.

अश्विनी मात्र मनात मोजते. सासऱ्यासमोर मोठ्यानं कसं मोजायचं, असं तिला वाटत असावं. नुसते ओठ हलायचे. मी समोर वही घेऊन बसायचो, आणि दुकानात पंख्याशिवाय आवाज नसायचा.

मंगळवारी सहाशे ऐंशी कमी. बुधवारी पुन्हा आठशे ऐंशी. असं रोज. रविवारपर्यंत साडेपाच हजारांच्या वर तूट गेली. मी आठवडाभर गप्प राहिलो, ते बरं केलं नाही. मनात नाही नाही ते साठत गेलं. अश्विनीच्या वडिलांचं घर डिंभ्याला आहे, धरणाच्या कडेला. थोडी शेती, थोडी मासेमारी. तिच्या भावानं होडी घ्यायची म्हणून चार ठिकाणी पैसे मागितल्याचं मी ऐकलं होतं. रविवारी संध्याकाळी माझ्या तोंडून गेलं, "अश्विनी, माहेरी काय नड हाये का गं?"

तिनं हातातलं रबर गड्डीला घातलं. चिठ्ठी खोचली. मग म्हणाली, "नाय, नाना."

सोमवारी सकाळी ती चार वर्षांच्या समृद्धीला घेऊन उंबऱ्यात उभी होती. "डिंभ्याला जाऊन येते. भाकरी झाकून ठेवलीय." कधी येते ते तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

दुपारी मी आठवड्याची रोकड भरायला पतसंस्थेत गेलो. चिठ्ठ्यांवरचे आकडे बघून स्लिप भरली होती. काउंटरवरच्या हर्षालीनं पाचशेच्या नोटा मशीनमध्ये घातल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"काका, स्लिपवर चौऱ्याऐंशी लिहिलंय तुमी. मशीन एक्क्याण्णव दाखवतंय."

"परत लाव."

"दोनदा लावलं. सात जास्त हायेत. लोक कमी देऊन भांडत्यात, तुमी जास्त देऊन भांडताय व्हय?"

शंभराच्या नोटांचंही तेच झालं. दोनशेच्या, पन्नासच्या, वीसच्या, दहाच्याही. प्रत्येक नोटेची रोजची एक गड्डी, आणि प्रत्येक गड्डीत चिठ्ठीपेक्षा एक नोट जास्त. तूट नव्हतीच. पैसे जिथले तिथं होते. मी बाकावर बराच वेळ बसून राहिलो. हर्षालीनं पाणी आणून दिलं. तिला वाटलं, मला चक्कर आली.

मंगळवारी दुकान न उघडता मी निघालो. नारायणगाव, मंचर, घोडेगाव. घोडेगावला डिंभ्याची एसटी दीड तास आलीच नाही. तोवर काय बोलायचं ते मी मनात चार वेळा जुळवलं. पैसे सापडले हे सांगायचं. मी बोललो ते चुकलं, हेही सांगायचं.

घराशी पोचलो तेव्हा व्याही जानकूभाऊ अंगणात जाळं निवडत बसले होते. "या पावणं, या! सांगावा धाडायचा, मासं ठेवलं असतं."

त्यांच्या बोलण्यावरून मला कळलं की अश्विनीनं घरी काही सांगितलेलं नाही. सासूच्या मागं जरा माहेरी आले, एवढंच.

ती पडवीत होती. शेजारच्या कोंडाबाई अंडी न्यायला आल्या होत्या. अश्विनी टोपलीतली अंडी त्यांच्या पदरात ठेवत होती आणि मोजत होती, या वेळी मोठ्यानं.

"लाभ, एक, दोन, तीन..."

दहापर्यंत गेली. कोंडाबाईंनी पदरात बघितलं आणि हसायला लागल्या.

"अगं ये बाई, दहा मागितली, अकरा दिलीस की! सासरचं दुकान असंच चालवतीस का?"

"अकरा कशी? मोजून दिली की."

"लाभ म्हंजीच एक, येडे! लाभ म्हनल्यावर दोन म्हनायचं. ह्ये काय, लाभ न् परत एक?"

अश्विनीच्या हातात अंडं तसंच राहिलं. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी दारात उभा आहे हे तिला तेव्हा दिसलं.

"मला वाटलं, मोजायच्या आधी देवाचं नाव घेतात तसं असंल," ती हळू म्हणाली. "आत्या म्हनल्या, पयल्या नोटंला लाभ म्हनायचं. पुढचं त्यांनी सांगितलंच न्हाई."

"पैसे पतसंस्थेत निघाले," मी म्हणालो. "सगळे."

"कसले पैसे?" जानकूभाऊंनी जाळ्यातून मान वर केली.

मी अश्विनीकडे बघितलं. सांगायचं तर काय विचारलं होतं तेही त्यांच्यासमोर सांगावं लागलं असतं. ती म्हणाली, "काय नाय, बाबा. हिशेबात चुकी व्हती. माझ्याकडनं." आणि आत चहा ठेवायला गेली.

चहा झाला. दुपारच्या एसटीनं ती माझ्याबरोबर आली. समृद्धी माझ्या मांडीवर झोपली. मंचरपर्यंत आम्ही तिच्या झोपेविषयीच बोललो.

आता अश्विनी मोठ्यानं मोजते. लाभ, दोन, तीन. गल्ला रोज जुळतो. कधीमधी तीही सांगते, ही नोट अमक्याची वाटते. बहुतेक वेळा चुकते, पण मी मान हलवतो. आमचं बरं चाललंय. गोरखला यातलं काही माहीत नाही.

त्या रविवारी मी तिला जे विचारलं ते चुकलं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.