वर्ना पिटमनचं घर

मुलांनो, डोळे मिटा आणि एक टेकडी समोर आणा. सगळा काळा खडक. खाली रस्ता, रस्त्यापलीकडे समुद्र. वर लाकडी खांबांवर एक पिवळं घर, आणि रस्त्यापासून त्याच्या दारापर्यंत नुसत्या उभ्या पायऱ्या. आता समजा, तुमचे पाय चालत नाहीत. समजलात? मग दुकानात जाऊन दाखवा बरं.

कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या आमच्या गावात वर्ना पिटमनला तीन हिवाळे ते जमलं नव्हतं. मासळीच्या कारखान्यात जन्मभर कॉड कापला, मग मज्जातंतूंच्या आजारानं पाय गेले. मुलगी लांब अल्बर्टात तेलविहिरींच्या कामावर, म्हणून नात केझी तिच्यापाशी वाढत होती.

वर्नानं सरकारकडे रस्त्यालगत एक खोली मागितली. थांबा, म्हणाले. चाकांची खुर्ची उतरवायला उतार मागितला. खडक फार उभा, खर्च परवडत नाही. रोज मदतीला बाई मागितली. माणसं नाहीत. एकदा शेजाऱ्यांनी तिला खुर्चीसकट उचलून खाली न्यायला घेतलं, तर बर्फावर शेजारच्या गार्लंडचा पाय घसरला आणि त्याचा खांदा निखळला. त्यानंतर तिनं कुणाला हात लावू दिला नाही.

मग तिनं मरण मागितलं; आमच्याकडे बरं न होणाऱ्या माणसाला कायद्यानं ते डॉक्टरांकडे मागता येतं. ते मात्र मिळालं. डॉक्टर त्याच पायऱ्या चढून आले, नर्स आली, सगळे गोड बोलणारे, सगळे वेळेवर. हा हक्क गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखा आहे, वर फुकट आहे, असं त्यांनी तिला समजावलं. खोटं नव्हतं ते. खाली रस्त्यावर उतरायचा हक्क त्यांच्या खात्यात येत नव्हता.

राग येतोय? येऊ द्या.

मरणाचा दिवस ठरला, आणि त्याच्या आदल्या दिवशी दुपारी गाव निरोपाला लोटलं. वाटाण्याचं सूप, माशाच्या वड्या, काकवीचे पाव. टेबलावर जागा उरली नाही.

“एवढं कोण गिळणार? उद्या मरायचंय मला, लग्न नाहीये माझं,” वर्ना म्हणाली. सगळे हसले.

म्हातारा सेल्बी रमचा ग्लास घेऊन रंगात आला. “काय दिवस होते ते! या गार्लंडच्या बापाचं घर आम्ही बेटावरून इथं आणलं. अख्खं घर! खाली ओंडके, चहूकडून दोर, आणि गाणं म्हणत गोठलेल्या खाडीवरून ओढलं.”

“आई आत पाव भाजत होती,” गार्लंड म्हणाला. “एकसुद्धा करपला नाही.”

बशा उचलता उचलता केझी थांबली. “मग हे घर ओढा ना खाली.”

“अगं बाळा, तेव्हाची गोष्ट वेगळी. आता परवानग्या लागतात. विजेच्या तारा आहेत, विमा आहे...” सेल्बी म्हणाला.

“आजीला मारायची मिळाली ना परवानगी?”

“केझी! तोंड आवर,” वर्ना ओरडली. “माझं मी ठरवलंय. कुणाच्या गळ्यात पडायचं नाहीये मला.”

“घर रस्त्यावर असतं, तर उद्या मेली असतीस तू?”

वर्नानं खिडकीतून खाली रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “उद्या? उद्या दुकानात गेले असते. गल्ल्यावरच्या त्या मेल्या मेबलशी भांडायला.”

या वेळी कुणी हसलं नाही.

“आता फार उशीर झाला गं पोरी,” सेल्बी पुटपुटला. “आधी बोलायचं होतंस.”

“आधी आला होतात कुठं तुम्ही?”

केझी बशा तिथंच ठेवून बाहेर गेली. घराखाली जुना होडीचा दोर पडला होता. तिनं तो कोपऱ्यातल्या खांबाला बांधला, दुसरं टोक खांद्यावर घेतलं आणि रस्त्याकडे तोंड करून ओढू लागली. दोर ताणला, घर हललं नाही. तिनं टाचा खडकात रोवल्या. घर ओढायचं गाणं तिला येत नव्हतं, म्हणून शाळेतलं जे येत होतं तेच ती मोठमोठ्यानं म्हणू लागली.